पाठनिरीक्षण आणि अभिप्राय : तास कसा पाहायचा, शिक्षकांशी काय बोलायचे, नोंद कशी ठेवायची

"अध्यापन प्रभावी. विद्यार्थ्यांचा सहभाग समाधानकारक. शैक्षणिक साहित्याचा वापर वाढवावा." लॉगबुक, म्हणजे तासांवरच्या शेऱ्यांची वही, चाळले की हीच तीन वाक्ये मागेपुढे करून पानोपानी सापडतात. गणिताच्या तासाखाली लिहा की इतिहासाच्या, शेरा कुठेही चपखल बसतो. शिक्षक सही करतात, पर्यवेक्षक पुढच्या वर्गाकडे वळतात आणि पुढच्या आठवड्यात तास आहे तसाच होतो.

हे मार्गदर्शन मुख्याध्यापक, पर्यवेक्षक, केंद्रप्रमुख आणि खासगी शाळांतल्या विभागप्रमुखांसाठी आहे. पद्धत साधी आहे : मुले काय करत होती ते लिहायचे, त्यातून एकच बदल ठरवायचा आणि तो झाला का ते पाहायला परत जायचे. अडते ते क्रमात. बहुतेक जण पहिली पायरी गाळतात आणि शेवटची विसरतात.

१. निरीक्षण कशासाठी, ते आधी ठरवा

गोपनीय अहवालासाठी, म्हणजे शिक्षकाच्या वार्षिक मूल्यमापनासाठी, पाहिलेला तास आणि शिक्षकाला मदत व्हावी म्हणून पाहिलेला तास ही दोन वेगळी कामे आहेत. एकाच दिवशी, एकाच वहीत दोन्ही उरकायला गेलात तर शिक्षक मदतीचे एक अक्षर ऐकणार नाहीत. त्यांचे सगळे लक्ष तुमच्या पेनाकडे असेल. सुधारणेसाठीच्या निरीक्षणाला स्वतंत्र वही ठेवा. "यातलं काही अहवालात जाणार नाही" असे आधी सांगा, आणि सांगितले की पाळा. एकदा जरी त्यातले वाक्य अहवालात उमटले, तरी ते दुपारच्या आत शिक्षकखोलीत सगळ्यांना कळलेले असते.

तासिका तत्त्वावर किंवा ठोक मानधनावर काम करणाऱ्या शिक्षकांच्या बाबतीत हे दुप्पट जपायचे. पुढच्या वर्षीची ऑर्डर तुमच्या शेऱ्यावर अवलंबून आहे असे त्यांना वाटत असते आणि बऱ्याचदा ते खरेही असते.

२. हिशोब करा, मग वेळापत्रक लावा

एका निरीक्षणाला लागणारा वेळ : आधीचे बोलणे १० मिनिटे, तास ३५ मिनिटे, स्वतःची टिपणे लावायला १५ मिनिटे, नंतरचा संवाद २० मिनिटे. एकूण ८० मिनिटे. पुनर्भेटीची १५ मिनिटे वेगळी. आठवड्याला दोन निरीक्षणे धरली तर पुनर्भेटींसह ३ तास १० मिनिटे होतात. २४ शिक्षक असतील तर एक फेरी १२ आठवड्यांत पूर्ण होते, म्हणजे दिवाळीच्या सुट्टीआधी बसते. "महिन्यात सगळ्यांचे तास पाहून टाकू" हा बेत याच हिशोबापाशी कोलमडतो. मग दहा-दहा मिनिटे डोकावून शेरे लिहिले जातात.

टाळायचे दिवस :

- जूनचा दुसरा पंधरवडा. प्रवेश, पुस्तके, गणवेश यातच तो जातो. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यापासून सुरुवात करा.
- अतिवृष्टीचा इशारा असलेले दिवस. अर्धा पट हजर असतो आणि शिक्षक उजळणी घेतात.
- गणपतीच्या आगेमागचा आठवडा. ठाण्यातली कितीतरी घरे कोकणात गेलेली असतात.
- चाचणीच्या आधीचे चार दिवस आणि पोषण आहार वाटपाला लागून असलेला तास.

दोन सत्रांत भरणाऱ्या शाळांत आणखी एक अडचण असते. सकाळचे सत्र सुटता सुटता दुपारच्या सत्राची मुले दारात उभी असतात, वर्ग रिकामा मिळत नाही आणि शिक्षकांना ट्रेन गाठायची असते. म्हणून संवादाची वेळ सुटल्यानंतर ठेवूच नका. ज्या दिवशी शिक्षकांचा निरीक्षणानंतर ऑफ तास आहे, तोच दिवस निवडा. आधी संवादाची वेळ शोधायची, मग निरीक्षणाची. उलट केले की संवाद जिन्यात उभ्या उभ्या होतो.

सांगून जावे की न सांगता? पहिल्या फेरीत आदल्या दिवशी सांगूनच जा. अचानक गेल्यावर 'खरा' तास दिसतो हा समज आहे. प्रत्यक्षात दिसतो तो गडबडलेला तास. पुनर्भेट मात्र "या आठवड्यात कधीतरी येईन" एवढ्यावर ठेवता येते.

३. आदल्या दिवशीची दहा मिनिटे

ही पायरीही गाळली जाते, आणि मग नंतर बोलायला मुद्दा उरत नाही. शिक्षकांना चार प्रश्न विचारा आणि उत्तरे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या :

- तासाच्या शेवटी मुलांना काय करता यायला हवे?
- ते आले हे तुम्हाला कशावरून कळेल?
- कुठे अडतील असे वाटते?
- मी नेमके काय पाहू?

दुसऱ्या प्रश्नाला "विचारेन ना शेवटी" असे उत्तर आले तर खूण करून ठेवा. पुढचा सगळा संवाद बहुधा तिथूनच सुरू होईल.

टाचणवही (तासाच्या तयारीची वही) बघायला हरकत नाही, पण तासाचा उद्देश कळण्यापुरतीच. प्रस्तावना, हेतुकथन, विवेचन, संकलन, उपयोजन, गृहपाठ या बी.एड.च्या पायऱ्या टाचणात आहेत का, हे तपासणे म्हणजे निरीक्षण नव्हे. सगळ्या पायऱ्या जागच्या जागी असूनही मुलांना काही न आलेले तास हवे तेवढे सापडतील.

*तपासणी : "मी उद्या __ पाहणार आहे" हे वाक्य एका ओळीत पूर्ण करता येत नसेल, तर अजून दोन मिनिटे बोला.*

४. सोबत काय न्यायचे

ए-फोर कागद आडवा धरून तीन रकाने आखा : वेळ, शिक्षकांनी काय म्हटले किंवा केले, मुलांनी काय केले. तिसरा रकाना सर्वांत रुंद ठेवा, कारण रिकामा राहतो तो तोच. दुसऱ्या कागदावर बैठकीचा आराखडा, प्रत्येक मुलाला एक चौकोन. आणि सेकंदकाटा असलेले घड्याळ.

तीस-चाळीस मुद्द्यांचे, १ ते ५ गुण देण्याचे छापील प्रपत्र कार्यालयाला हवे असेल तर नंतर भरा. वर्गात ते हातात असले की डोळे प्रपत्रावर राहतात. वर्गातल्या बोलण्याची नोंद घेणाऱ्या फ्लँडर्सच्या पद्धतीत दर ३ सेकंदांनी १० पैकी एका प्रकाराची नोंद करायची असते. संशोधनासाठी ती ठीक आहे, शाळेतल्या रोजच्या कामाला झेपत नाही.

*सावधान : मोबाइल सायलेंटवर आणि खिशात. फोटो काढून ग्रुपवर 'आजची शाळाभेट' टाकायची सवय असेल तर त्या दिवशी ती आवरा. कॅमेरा निघाला की तासाचा कार्यक्रम होतो.*

५. वर्गात

घंटेच्या आधी आत जा. मुलांनी उभे राहून नमस्कार करण्यात दोन मिनिटे जातात, ती तासातून जाऊ नयेत.

शेवटच्या बाकावर बसू नका. तिथून पाठी दिसतात, चेहरे नाही. खिडकीच्या किंवा भिंतीच्या कडेला, वर्गाच्या पुढच्या एक तृतीयांश भागात, मुलांकडे तोंड करून खुर्ची ठेवा. फळाही दिसतो आणि कोण लिहितोय, कोण शेजाऱ्याच्या वहीत बघतोय तेही दिसते.

पहिली पाच मिनिटे फक्त ऐका आणि लिहा. शिक्षकांचे प्रश्न शब्दशः उतरवा. "चांगले प्रश्न विचारले" याचा नंतर काही उपयोग नसतो. "चारातून आठ जातात का?" याचा असतो.

मग आराखड्यावर खुणा : शिक्षकांनी ज्याला नाव घेऊन विचारले त्याच्या चौकोनात एक रेघ, आपणहून बोलला तर टिंब. वीस मिनिटांत नकाशा उभा राहतो. बहुतेक वर्गांत रेघा पुढच्या दोन बाकांवर आणि मधल्या पट्ट्यात दाटतात, दाराजवळचा कोपरा कोरा राहतो.

प्रश्न विचारल्यापासून कोणाचे नाव घेईपर्यंत किंवा स्वतःच उत्तर देईपर्यंत किती सेकंद गेले, ते पाच-सहा प्रश्नांसाठी मोजा. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवले की हा वेळ सरासरी एका सेकंदाच्या आसपास असतो, आणि तो तीन सेकंदांवर नेला की उत्तरे लांब होतात, अधिक मुले बोलू लागतात. तीन सेकंद कागदावर क्षुल्लक दिसतात. वर्गासमोर गप्प उभे राहणाऱ्याला ते फार वाटतात.

मुलांना लिहायला दिले की उठा आणि पाच वह्या पाहा : दोन पुढच्या, दोन मागच्या, एक दाराजवळची. उत्तर चूक असेल तर कसे चुकले ते उतरवा. तिसरीच्या हातच्याच्या वजाबाकीच्या तासाची नोंद अशी दिसायला हवी :

८.१२ : फळ्यावर ७४ − ३८. मॅडम : "चारातून आठ जातात का?" एका सुरात : "नाहीऽऽ!"
८.१३ : "मग काय करायचं?" पुढच्या दोन बाकांवरून : "हातचा घ्यायचा!" मागच्या तीन ओळी फळ्याकडे पाहतात, तोंडे बंद.
८.१५ : मॅडम स्वतः ३६ लिहितात. "कळलं का?" "होऽऽ!"
८.१६ : ५२ − २७ वहीत सोडवायला दिले.
८.२१ : पाच वह्या. दोघांचे २५, तिघांचे ३५ (७ मधून २, ५ मधून २).
८.२४ : पहिल्या बाकावरच्या मुलीकडून फळ्यावर सोडवून घेतले, बरोबर. टाळ्या. पुढचे उदाहरण.

यात एकही विशेषण नाही, तरी तास समोर उभा राहतो. मुले एका सुरात हो म्हणतात आणि तिघे मोठ्या अंकातून लहान अंक वजा करून मोकळे होतात. वह्या पाहिल्या नसत्या तर हाच तास 'सहभाग उत्तम' ठरला असता.

*सावधान : चूक दिसली म्हणून मध्येच उठून खडू हातात घेऊ नका. मुलांना प्रश्नही विचारू नका. शिक्षकांचा वर्गातला मान एकदा गेला की तुमच्या कुठल्याही अभिप्रायाने परत येत नाही. अपवाद एकच, मुलांच्या सुरक्षिततेचा.*

नवी मुंबईतल्या दिघा, रबाळे, तुर्भे या पट्ट्यात मराठी माध्यमाच्या वर्गांत घरी हिंदी किंवा आणखी वेगळी भाषा बोलणारी मुले असतात. तिथे गप्प बसलेले मूल न समजल्यामुळे गप्प आहे की 'दशक सुटा करणे' हे शब्दच नवे असल्यामुळे, हे वरून कळत नाही. वही पाहा. लेखी उदाहरण बरोबर आणि तोंडी प्रश्नाला गप्प, तर अडचण भाषेची आहे. तशी नोंद करा.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडकडच्या द्विशिक्षकी शाळेत एकाच खोलीत दोन-तीन इयत्ता असतात. तिथे सगळे टिपायला जाऊ नका. शिक्षक एका इयत्तेसोबत असताना दुसऱ्या इयत्तेच्या हाती काम होते का, आणि ते किती मिनिटे पुरले, एवढेच लिहा.

*तपासणी : तास संपला की टिपणातली विशेषणे आणि 'छान', 'कमी', 'प्रभावी' असले शब्द खोडा. खोडल्यावर कागद रिकामा झाला असेल तर तुम्ही तास पाहिलेला नाही, मत बनवले आहे. संवाद पुढे ढकला आणि दुसरा तास पाहा.*

६. संवादाआधीची पंधरा मिनिटे : एकच मुद्दा निवडणे

टिपणात सुधारण्यासारख्या दहा गोष्टी असतील. फळ्यावर तारीख नव्हती, तक्ता उलटा टांगला होता, दोन मुले बोलत होती, हजेरीला सहा मिनिटे गेली. सगळ्या सांगितल्या तर शिक्षक त्यातली सर्वांत सोपी उचलतील : तारीख. म्हणून प्रत्येक मुद्दा तीन चाळण्यांतून काढा.

पहिली, याचा मुलांच्या शिकण्याशी थेट संबंध आहे का? तारीख इथेच गळते. दुसरी, हे शिक्षकांच्या हातात आहे का? वर्गात ५५ मुले आहेत, खिडकीखाली रिक्षांचा स्टँड आहे, पंखे बंद आहेत, हे खरे असले तरी ते तुमच्या कामाच्या यादीत जायचे, त्यांच्या नाही. तिसरी, दोन आठवड्यांत बदल डोळ्यांना दिसेल का? 'आत्मविश्वास वाढवावा' इथे अडकतो.

वजाबाकीच्या तासातून तिन्ही चाळण्या पार करते ती गोष्ट एकच : एका सुरातल्या होकारावर विसंबून पुढे जाणे.

मुद्दा निवडताना विषयज्ञानाचीही शंका घ्या. शिक्षकांनीच संकल्पना चुकीची सांगितली असेल तर बाकी सगळे बाजूला ठेवून तीच आधी घ्यायची. आणि विषय तुमचा नसेल, समजा संस्कृत किंवा दहावीचे बीजगणित, तर विषयाबद्दल बोलूच नका. त्या विषयाच्या दुसऱ्या शिक्षकांना सोबत घ्या.

७. संवाद : वीस मिनिटे

त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी. चार दिवसांनी दोघांनाही तास आठवत नाही. जागा : शिक्षकखोली नको, आणि मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या पलीकडची खुर्चीही नको. रिकामा वर्ग, ग्रंथालय, प्रयोगशाळा चालेल. एकाच बाजूला बसा, कागद मध्ये.

"तास कसा वाटला?" असे विचारू नका. "बरा झाला, सर" याच्या पुढे गाडी जात नाही. आदल्या दिवशी त्यांनीच सांगितलेल्या उद्देशावरून सुरू करा :

"मॅडम, सगळ्यांना दशक सुटा करून वजाबाकी यायला हवी असं आपण काल बोललो होतो. किती जणांना आली असं वाटतं?"
"बरेच जण हो म्हणत होते, सर. साताठ जण नेहमीचेच मागे."
"मी बावन्न वजा सत्तावीसच्या पाच वह्या पाहिल्या. ही उत्तरं बघा."
"पस्तीस… म्हणजे सातातून दोन काढले. आणि हा तर दुसऱ्या बाकावरचा, हुशार आहे तो!"
"'कळलं का' विचारलंत तेव्हा तोही हो म्हणाला असणार. पुढचं उदाहरण द्यायच्या आधी हे पस्तीस तुम्हाला दिसायला काय करता येईल?"

कागद पुढे केल्यावर गप्प राहायचे, हे सर्वांत अवघड. निरीक्षकांना तिथेच व्याख्यान सुचते. चूक शिक्षकांच्या स्वतःच्या डोळ्यांना दिसली की ती तुम्हाला सांगावी लागत नाही.

उपाय त्यांच्याकडून आला तर उत्तम. नाही आला तर एक द्या, आणि इतका नेमका द्या की उद्या करता येईल : दुसरे उदाहरण सगळ्यांनी पाटीवर सोडवायचे, पाट्या पालथ्या ठेवायच्या, "दाखवा" म्हटल्यावर एकदम वर धरायच्या. मॅडमनी पाट्यांवरून नजर फिरवून चुकीच्या मोजायच्या. पाचपेक्षा जास्त असतील तर पुढचे उदाहरण नाही, हेच पुन्हा, आणि या वेळी काड्यांचा गठ्ठा सोडून.

मग तिथल्या तिथे तालीम. "मुलांना हे कसं सांगाल, एकदा म्हणून बघा ना." हे करताना दोघांनाही संकोच वाटतो, पण अडचणी इथेच बाहेर येतात. "पालथ्या ठेवा" ही सूचना राहिली तर मुले एकेक करून पाटी वर धरतात, मागचे पुढच्याचे पाहून खोडतात, आणि सगळी उत्तरे बरोबर दिसतात. उपाय फसला असे वाटते, फसलेली असते ती सूचना.

कौतुक करायचे ते नेमके आणि सुटे. "८.३१ ला त्या मुलाचं उत्तर चुकलं तेव्हा तुम्ही 'कसं काढलंस ते सांग' म्हणालात, आणि त्याने स्वतःच दुरुस्त केलं" हे कौतुक. "तुम्ही फार मेहनती आहात, पण…" हे नाही. त्या 'पण'ची वाट पाहायला शिक्षक केव्हाच शिकलेले असतात.

काही ठरावीक उत्तरे येतील. "ही मुलं घरी वहीच उघडत नाहीत" यावर वाद घालू नका, खोटेही नसते ते. "खरंय. या पस्तीस मिनिटांत आपल्याला काय करता येईल तेवढंच बघू" आणि परत कागदाकडे. "अभ्यासक्रम कधी संपवू?" यावर पाट्या दाखवायला घड्याळ लावून किती वेळ लागतो ते सांगा, दीड-दोन मिनिटे. निवृत्तीला आलेल्या सरांसमोर वयाने लहान केंद्रप्रमुख बसले असतील तर सल्ला देण्याऐवजी आराखडा त्यांच्यापुढे ठेवा आणि विचारा, "सर, हा दाराजवळचा कोपरा कोरा राहिलाय, तुम्हाला काय वाटतं?" नकाशाचा राग येत नाही.

*तपासणी : उठण्याआधी शिक्षकांनी त्यांच्या शब्दांत सांगावे : मी काय करणार, कोणत्या वर्गात, कधीपासून. तुम्हीच सांगून त्यांनी मान डोलावली तर तोही एका सुरातला होकारच झाला.*

८. नोंद

चार ओळी पुरतात. काय दिसले, काय ठरले, मी काय देणार, परत कधी येणार :

"३ री, गणित. ५२ − २७ : पाहिलेल्या ५ पैकी ३ वह्यांत ३५. ठरले : दुसऱ्या उदाहरणाला पाट्या एकदम वर, चुकीच्या मोजून पुढे जाणे. १५ पाट्या कमी आहेत, गुरुवारपर्यंत मी देतो. पुनर्भेट : दहा दिवसांत."

'मी काय देणार' ही तिसरी ओळ विसरू नका. पाट्या आल्या नाहीत तर पुनर्भेटीला जाण्यात अर्थ नाही. एक प्रत शिक्षकांकडे द्या. लॉगबुकात शेरा लिहिणे सक्तीचे असेल तर 'काय ठरले' एवढीच ओळ लिहा.

९. पुनर्भेट

आठ ते पंधरा दिवसांत, पंधरा मिनिटे. फक्त ठरलेली गोष्ट पाहायची. या वेळी फळ्याची, तक्त्याची, शिस्तीची नवी चूक दिसली तरी ती वहीत राहू द्या.

तीनपैकी एक चित्र दिसेल. बदल झाला आणि मुलांना फायदा झाला : आकडा सांगा ("आज पाचांपैकी चार बरोबर") आणि पुढच्या निरीक्षणाला नवा मुद्दा घ्या. बदल झाला पण फायदा नाही : शिक्षकांनी ठरलेले केले आहे, चूक उपायात आहे, म्हणजे तुमच्यातही. पाट्या वर जातात पण मोजल्या जात नाहीत असे बरेचदा होते, तेवढेच दुरुस्त करा. बदल झालाच नाही : आधी कारण विचारा. साहित्य मिळाले नव्हते, निवडणुकीच्या कामाला जावे लागले, की उपाय पटलाच नव्हता? पटला नसेल तर त्याच इमारतीतल्या, शक्यतो त्याच इयत्तेच्या, पाट्या नीट वापरणाऱ्या शिक्षकांचा तास त्यांना दाखवा, त्यांच्या ऑफ तासाला, नाहीतर त्यांच्या वर्गावर तुमचा बदली तास लावून.

दोन पुनर्भेटींनंतरही काही हलले नाही तर तो विषय या वहीतला राहत नाही. तसे शिक्षकांना समोर बसवून स्पष्ट सांगा, आणि मगच प्रशासकीय वही उघडा.